नामा, खाली माणूस आहे

नामा, परवा तुझ्या तेराव्याचं जेवण झालं आणि चिखलीतल्या तुझ्या अंगणात, मांडवाखाली, पुन्हा तोच वाद निघाला. माल कोण उचलतो, क्रेनवाला की खालचा माणूस? कंपनीतल्या आपल्या शॉपमधली झाडून सगळी मंडळी आली होती. पानात लाडू पडेपर्यंत दोन पक्ष झाले. मी नेहमीसारखं ठणकावून सांगितलं, "उचलतो खालचा माणूस. क्रेनवाला नुसता दांडा ओढतो." आणि सवयीनं वर बघितलं, तुझं उत्तर येईल म्हणून. वर मांडवाचं कापड होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तो वाद जिंकलो आणि मला काडीची मजा आली नाही, राव.

पूनम म्हणाली, "काका, पप्पांबद्दल काहीतरी लिहून ठेवा. पोरांना मोठेपणी वाचता येईल." तुझी लेक आहे, तिला नाही म्हणायची माझी टाप नाही. त्यामुळे जे तुला पाठ आहे तेसुद्धा मला इथं लिहावं लागणार. हसू नकोस.

तर पोरांनो, तुमचा आजोबा क्रेनवाला होता. चाकणच्या आमच्या कंपनीत गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट पत्र्यातून दाबून काढत. ज्या साच्यात दाबायचं तो लोखंडी साचा म्हणजे डाय, एकेक वीस टनांची. ती उचलून प्रेसमध्ये ठेवायला छताखालून क्रेन धावायची आणि क्रेनच्या पोटाशी लटकलेल्या काचेच्या केबिनमध्ये हा बसलेला असायचा. खाली डायला साखळ्या अडकवणारा मी. कंपनीच्या कागदावर रिगर, तोंडी खलाशी. प्रेसच्या धडधडीत शेजारी उभ्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नसे, तिथं वरच्याला काय ऐकू जाणार? म्हणून सगळी बोलणी हातानं. बोट वर करून फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. फिरत्या बोटासमोर डावा पंजा आडवा धरला की सावकाश. उघडा पंजा दाखवला की थांब. मी हात केला की तू पायाखालची घंटा दोनदा वाजवायचास. टण टण. म्हणजे समजलं. मग माल हलायचा.

त्यात दोन नियम होते आणि नव्या पोरांना तू ते दम देऊनच शिकवायचास. उचल म्हणून एकाच माणसानं सांगायचं, ठरलेल्या. दुसरा साहेब असला तरी त्याच्या हातावर माल उचलायचा नाही. पण थांब मात्र कुणीही सांगू दे. झाडूवाल्या मावशींनी पंजा दाखवला तरी जागच्या जागी थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही.

ही घंटा तू घरीही घेऊन गेलास. सुमन वहिनींनी आतून विचारलं, "अहो, भाकरी टाकू का अजून?" की तू ताटावर चमच्यानं दोनदा वाजवायचास. पूनम चार वर्षांची असताना तिला अभ्यासाला बस म्हटलं तरी ती पाटीवर पेन्सिलीनं दोन ठोके द्यायची आणि मग बसायची नाही. एवढाच काय तो फरक बापलेकीत.

असा हा माणूस. रोज लोखंडी शिडीवरून माकडासारखा वर चढायचा, दिवसभर अधांतरी बसून डबा तिथंच खायचा. आणि विमानाला भ्यायचा.

ते मला कळलं ईशूच्या बारशाच्या दिवशी. पूनम लग्न होऊन दुबईला गेली होती, पहिली मुलगी झाली, वहिनी बाळंतपणाला आधीच गेलेल्या. बारशाला तू जाणार म्हणून शॉपमध्ये पेढे वाटून झाले होते. आणि ऐन त्या दुपारी रहाटणीला माझ्या दारात तू उभा. नवा शर्ट, हातात बॅग, बॅगेला विमानतळाची चिठ्ठी नाही.

"काय रे, कामून परत आलास?"

"गेटपात्तूर गेलो व्हतो," तू म्हणालास. "पाय उचललाच न्हाई. पानी दे."

पाणी प्यायलास आणि मग माझ्याकडून वदवून घेतलंस की पूनमला सांगायचं, कंपनीत अर्जंट डाय बदलायची होती, सुट्टी रद्द झाली. मी सांगितलं. तुझ्यासाठी खोटं बोलायची माझी ती पहिली वेळ. संध्याकाळी माझ्याच पलंगावर बसून आपण बारसं फोनवर बघितलं. आत्यानं पाळण्याशी वाकून कानात नाव सांगायला तोंड नेलं आणि नेमका फोन अडकला. ते गोल चक्र फिरत राहिलं. तू फोन खिडकीशी नेलास, गच्चीवर नेलास, हलवलास. तुझ्या नातीचं नाव तुला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

पुढची साडेचार वर्षं वहिनी एकट्या जा-ये करत राहिल्या. खजूर यायचे, तू शॉपमध्ये वाटायचास, आणि कुणी विचारलं "तू कधी?" की तुझ्याकडे कारण तयार. पासपोर्टाला अडचण. मग मेथी काढणीला आली. मग भावकीत लग्न. एकदा तर तू मला गंभीरपणे विचारलंस की दुबईला गाडीरस्ता नाही का. पूनमच्या शाळेतल्या जुन्या नकाशाच्या पुस्तकात तू पेन्सिलीनं वाट काढत होतास. "हे बघ, हितून असं वर, मग असं खाली. चार देश लागत्यात निस्तं." ती ओळ पुस्तकात अजून आहे, पूनमनं परवा दाखवली.

आणि मग मी ते केलं ज्याची माफी मी तुझ्याकडे कधी मागितली नाही. कँटीनमध्ये, सगळ्यांच्या देखत, कुणीतरी विमानाचा विषय काढला आणि मी म्हणालो, "हा कशाचा जातो? भित्रट आहे एक नंबरचा." सगळे हसले. तूही हसलास. पण त्या दुपारी मी हात केला तेव्हा घंटा वाजली नाही. माल उचललास, नीट ठेवलास, सगळं बिनचूक. नुसती घंटा नाही. आठ दिवस. नामा, त्या आठ दिवसांत मला कळलं की मी खाली उभा राहून दिवसभर ती घंटाच ऐकत असतो. नवव्या दिवशी तू आपणहून वाजवलीस आणि मीही काही झालंच नाही असं दाखवलं. पुरुषाची जात आपली. चूक झाली होती माझी. आता लिहितो, तेव्हा बोलायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी पूनमला दिवस गेले तेव्हा तिनं तुला फोन केला. मी शेजारी होतो, फोन स्पीकरवर होता. ती रडलीबिडली नाही. सरळ म्हणाली, "पप्पा, ईशू मला काल विचारत होती, आजोबा फोनमध्येच राहतात का. तुम्ही आल्याशिवाय मी या बाळाला पाळण्यात घालणार नाही. बाराव्या दिवशी नाही, तेराव्या दिवशी नाही. राहू दे बिननावाचं." तू फोनवर दोनदा नखानं वाजवलंस. समजलं. पण चेहरा पांढराफटक.

त्या रविवारी मी मुद्दाम चिखलीला आलो. चारी बाजूंनी इमारती उठल्यात आणि मधे तुझा तो मेथीचा तुकडा राहिलाय, त्याच्या बांधावर आपण बसलो. मी या वेळी हसलो नाही. म्हणालो, "नामा, खरं सांग. तू क्रेनमध्ये आयुष्य काढलंस. तुला उंचीची भीती नाही. मग नेमकं भितोस कशाला?"

तू बराच वेळ मेथीतलं तण उपटत होतास.

"हसणार न्हाईस ना?"

"नाही."

"त्या पायलटला खालचं दिसत न्हाई, इलास. म्होरं काच हाय, पन खाली काय हाय, मागं काय हाय, बाजूला कोन उबं हाय, त्याला काय ठावं? मला बी केबिनमधनं डायच्या मागचं दिसत न्हाई. पन मला तू दिसतोस. तुजा हात दिसला का मी डोळं झाकून उचलतो. त्याला कोन हाय? एवढी मान्सं भरली, दार लावलं, आन् उचललं आपलं? कुनाच्या हातावर?"

मी हसलो नाही. हसायचं सुचलंच नाही मला. इतकी वर्षं सगळे तुला सांगत होते की विमान पडत नसतं, आणि तू विमान पडण्याला भीतच नव्हतास. बिनसिग्नलचा माल उचलणं तुला पटत नव्हतं. अख्खी नोकरी ज्या नियमानं केली तो नियम मोडणाऱ्या यंत्रात जाऊन बसायचं कसं?

आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "असतो की. विमानालाही खाली माणूस असतो. हात करतो, मगच हलतं."

"तू बगितलाय?"

"बघितलाय."

कुठं बघितला होता रे मी? अंबाजोगाईहून एसटीनं पुण्याला आलो त्यानंतर एसटी आणि कंपनीची बस सोडून मी कशात बसलो नव्हतो. विमानतळ आतून कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. तुझ्यासाठी खोटं बोलायची ती दुसरी वेळ. तू माझ्याकडे बघितलंस आणि बांधावरच्या दगडावर खुरप्यानं दोन ठोके दिलेस. "मग तू बी चल. दावायला."

पूनमनं दोन तिकिटं पाठवली. इथं माझी जी गाळण उडाली ती तुला कधी कळू दिली नाही. घरी मी बायकोला सगळी कागदपत्रं कुठं ठेवलीत ते सांगून ठेवलं. तिनं मला देवापुढं उभं केलं, अंगारा लावला आणि म्हणाली, "तुम्ही दुबईला चाललाय की लढाईला?"

लोहगावला विमानतळात शिरल्यापासून तू एकच शोधत होतास, खालचा माणूस. बॅगांच्या पट्ट्याशी, तपासणीशी, काचेच्या भिंतीशी. आपण बोगद्यासारख्या पुलावरून थेट विमानात शिरलो, जमीन दिसलीच नाही. तुला खिडकी मिळाली. तू बाहेर बघितलंस. बॅगांच्या गाड्या होत्या, एक ट्रॅक्टर होता, पंखाची कड होती.

"मानूस कुटं हाय?"

"येईल."

लोक बसले. पट्टे लागले. तू पुन्हा विचारलंस, मी पुन्हा येईल म्हणालो. मग दार लावल्याचा तो दबका आवाज आला.

"इलास, दार लावलं. मानूस न्हाई."

आणि तू पट्टा सोडलास, उठून उभा राहिलास आणि हवाई सुंदरीला उघडा पंजा दाखवलास. थांब! शॉपमध्ये तो पंजा बघून डायच काय, साहेबसुद्धा थांबला असता. ती बिचारी धावत आली.

"जी सर?"

"थांबवा. खाली मानूस न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं. माझं हिंदी तुला माहीत आहे. म्हणालो, "मॅडम, ये बोलते कि नीचे आदमी नहीं है."

"सर, सब लोग बैठ गए हैं. आप भी बैठ जाइए."

"वो बैठनेवाला नहीं. खडा रहनेवाला."

ती काय समजली देव जाणे. आजूबाजूचे माना वळवून बघायला लागले. तुझ्या कपाळावर घाम, हातात बॅग. मला स्पष्ट दिसत होतं की आता तू चाललास, आणि दुबईत ते बाळ बिननावाचं राहणार, आणि ते सगळं माझ्या एका थापेमुळं. मी तुझी बाही धरली आणि म्हणालो, "नामा, एकदा. शेवटचं एकदा बघ बाहेर." बाहेर काय असणार याची मला काही कल्पना नव्हती.

तू वाकलास. त्याच वेळी विमान हळूच मागं सरकायला लागलं, आणि पंखाच्या पुढून तो चालत आला. अंगात आपल्या शॉपमधलं असतं तसलंच पोपटी जाकीट, त्यावर चमकत्या पट्ट्या, कानावर हेडफोन. विमानाबरोबर पावलं टाकत, चाकाकडे बघत. माल हलताना मी चालायचो तसा. तू बसलास. पट्टा लावलास ते न बघताच, नाक काचेला चिकटलेलं. विमान थांबलं. तो बाजूला गेला, वळला, पायलटला दिसेल असा उभा राहिला, एक हात वर करून काहीतरी लाल फीत दाखवली आणि मग अंगठा उंच धरला. चांगला स्थिर. कापत नव्हता.

तू बोटाच्या पेरानं काचेवर दोनदा वाजवलंस. टक टक.

"हाय," तू म्हणालास. "हाय रं, खाली मानूस हाय." आणि मागं टेकून बसलास, आपल्या केबिनमध्ये बसायचास तसा.

पुढं तर तू मजाच केलीस. विमान पळायला लागलं तेव्हा माझं मनगट तुझ्या हातात होतं. उचललं तेव्हा तू हळूच म्हणालास, "बगितलंस? धक्का न्हाई दिला. बेस्ट ऑपरेटर हाय." मग खिडकीतून एकेक सांगायला लागलास. पत्र्याची शेडं. रस्ता. नदी. मग जरा वेळानं, "इलास, ते चाकण हाय काय रं?" मी म्हणालो, "हो, चाकणच." मधे समुद्रावर विमान जरा हलायला लागलं, तर तू समोर हात धरून बोट फिरवलंस आणि डावा पंजा त्यापुढं आडवा. सावकाश. पायलटला. ती हवाई सुंदरी लगेच आली, तुला काय हवंय ते तिला कळेना, ती दोन कॉफी देऊन गेली. तेवढ्यात हलणं थांबलं. तू कॉफीचा घोट घेऊन म्हणालास, "ऐकलं बग त्यानं."

ईशूनं दारात तुला बघितलं. जवळ आली, तुझ्या नाकावर बोट ठेवलं आणि बाजूला सरकवून बघितलं, फोनवर सरकवतात तसं. तू सरकला नाहीस. मग ती तुझ्या मिशीला लटकली आणि आठ दिवस खाली उतरली नाही.

आणि बारसं. हे मी पोरांसाठी नीट लिहितो, कारण धाकट्यानं हे अनुभवलंय पण त्याला आठवणार नाही. पाळणा फुलांनी सजलेला. बायकांचं सगळं आवरल्यावर पूनमनं बाळ तुझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही ठेवा." तू बाळ घेऊन पाळण्यावर वाकलास आणि वाकलेलाच राहिलास. सगळे वाट बघतायत. वहिनी म्हणाल्या, "अहो, ठेवा की." तू मान वर करून हॉलभर कुणाला तरी शोधत होतास. मी स्वयंपाकघराच्या दारात घुगऱ्यांची वाटी घेऊन उभा. मला तुझी नजर दिसली आणि मी वाटी खाली ठेवली. उजवं बोट खाली करून फिरवलं, डावा पंजा त्यापुढं आडवा धरला. सोड. सावकाश. तुझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून तू जिभेनं दोनदा टक टक केलंस. आणि वीस टनांची डाय कधी ठेवली नसशील इतक्या अलगद तू तुझा नातू पाळण्यात ठेवलास. पूनम हसत होती आणि डोळे पुसत होती. मी पुन्हा घुगऱ्यांची वाटी उचलली आणि वाटायला लागलो.

मग तुला कोण आवरणार? चिखलीच्या चहाच्या टपरीवर तू विमानाचा जाणकार झालास. कुणी पहिल्यांदा जायला निघालं की त्याला बसवून सांगायचास, खिडकी घे, दार लावल्यावर घाबरू नको, मानूस नंतर येतो. आपल्याकडे क्रेनची केबिन काढून खालून चालवायचं रिमोट आलं, तेव्हा तू माझ्या शेजारी उभा राहून माल उचलायला लागलास. दोन हातांवर. मी म्हटलं, आता मी कशाला? तू म्हणालास, "हात कर गुमान." मी हात करायचो, तू रिमोटवर नखानं दोनदा वाजवायचास, मग बटण दाबायचास. नवीन साहेब बघत राहायचा. तुझ्या रिटायरमेंटपर्यंत आपण ते केलं.

बारशाच्या दुसऱ्या वर्षी तू मला पुन्हा दुबईला ओढून नेलंस. "इलास न्हाई तर मी न्हाई." मला वाटलं, अजून धास्ती असेल याला. त्या वेळी तू मला खिडकीला बसवलंस, बळंच. "बग मानूस. तुज्या जातीचा हाय." मी बघितलं. या वेळी एक मुलगी होती, वेणी जाकिटाबाहेर आलेली. तिनं अंगठा वर केला आणि माझ्याही नकळत मी काचेवर दोनदा वाजवलं. त्या दिवशी मी डोळे उघडे ठेवून वर गेलो आणि मला ढग दिसले.

आता ऐक. तेराव्याच्या संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर मी पूनमला सगळं कबूल केलं. म्हणालो, "तुझ्या बापाला मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी त्याच्यापेक्षा जास्त भ्यालो होतो. माणूस असतो हेही मला माहीत नव्हतं."

ती हसायलाच लागली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. "काका, पप्पांना माहीत होतं. पहिल्याच दिवशी आईला सांगितलं त्यांनी. म्हणाले, मी चाकण विचारलं तर डोळे गच्च मिटून म्हणतो चाकणच. खाली नुसता समुद्र होता. हात तर घामानं भिजलेला." मग तुझ्या आवाजात म्हणाली, "त्याला बोलू नगासा. सिग्नल देनारा एकदा लाजला का त्याचा हात कापतो."

आणि दुसरी खेप? ती म्हणाली, "ती तुमच्यासाठीच होती. माझी भीती गेली, इलासची अजून हाय, असं म्हणाले होते."

म्हणजे मी तुला नेलं असं सगळ्या गावाला सांगत फिरलो, आणि नेलं होतंस तू मला. तो वाद तू जिंकलास, नामा. जेवणाच्या पंगतीत मी जे बोललो ते मागे घेतो.

एकच तक्रार आहे, तीही सांगून टाकतो. पिंपरीच्या दवाखान्यात त्या काचेपलीकडं तू होतास, नळ्या लावलेल्या, आणि आत मला सोडत नव्हते. तू मान वळवून बघितलंस. मी काचेला उघडा पंजा लावला. थांब. तू बघितलंस ते मला दिसलं. पलंगाच्या कडेवर तुझं बोट हललं, दोनदा. समजलं. आणि सकाळी तू निघून गेलास. थांब कुणीही सांगितलं तरी थांबायचं, हा तुझाच नियम. पोरांना तू त्यावरून रागवायचास. आयुष्यात एकदाच मोडलास आणि तोही माझ्या हातावर. त्याचा राग अजून आहे मला. जाईल हळूहळू.

पण मी पंजा किती वेळ धरून ठेवणार? ते मला चिखलीच्या घाटावर कळलं. पूनम दुपारच्या विमानानं पोहोचली होती, अग्नी तिनंच दिला. भावकीतले दोघंतिघं कुजबुजले, वहिनींनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ज्वाळा उठल्या तशी माणसं मागं सरकली. मी एकटा पुढं राहिलो. आणि मला एकदम वाटलं की तू वाट बघतोयस. सगळं तयार आहे, आणि तू आपला दांड्यावर हात ठेवून बसलायस, कारण मी अजून हात केलेला नाही. तू बिनसिग्नलचा हलणारच नाहीस.

म्हणून मी उजवा हात वर केला, बोट आकाशाकडं धरून फिरवलं, आणि डावा पंजा त्यापुढं आडवा. उचल. सावकाश. लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय. मी तसाच उभा राहिलो. घंटेशिवाय हात खाली घ्यायचा नसतो, आणि घंटा येणार कुठून? हात भरून आले.

मागं शेडचा लोखंडी खांब आहे. त्यावर दोनदा वाजलं. टण टण.

वळून बघितलं तर पूनम होती. हातातलं कडं खांबावर टेकवून उभी.

मग मी हात खाली घेतला.